घरचा कॉम्प्युटर आणि लॅमिंग्टन रोडवरचे दोन शनिवार

आमच्या घरातला जुना कॉम्प्युटर २०१३ साली घेतलेला होता. तिसऱ्या पिढीचा आय-३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क असा त्याचा सरंजाम होता. सकाळी त्याचे बटण दाबायचे, मग चहाचे आधण ठेवायचे, आणि चहा गाळून कप टेबलावर आणेपर्यंत पडद्यावर एकदाचे आयकॉन उमटलेले असायचे. हा क्रम इतका अंगवळणी पडला होता की कॉम्प्युटर संथ आहे असे घरात कोणी म्हणतसुद्धा नसे. २०२५ च्या पावसाळ्यात मात्र तो काम चालू असताना आपोआप बंद पडू लागला, आणि त्याच सुमारास १४ ऑक्टोबर २०२५ नंतर विंडोज १० ला सुरक्षा अपडेट मिळणार नाहीत, ही सूचना पडद्यावर वरचेवर झळकू लागली.

नवीन घ्यायचे हे लगेच ठरले असे नाही. डोंबिवलीतल्या आमच्या नेहमीच्या दुरुस्तीवाल्याने कॅबिनेट उघडून एसएमपीएसमधले, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यातले, फुगलेले कपॅसिटर दाखवले. एसएमपीएस बदलून आणि हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी (फिरणारे भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवून साडेतीन हजारांत मशीन पळू लागेल, असे त्याने सांगितले. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. जुन्या कॉम्प्युटरचा खरा अडसर बहुतेक वेळा त्याची फिरणारी हार्ड डिस्क हाच असतो, आणि केवळ एसएसडी बसवल्याने तो ओळखू येणार नाही इतका बदलतो. प्रश्न पुढचा होता. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. आमचा तिसऱ्या पिढीचा होता. मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांसाठी ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव अपडेटची सोय ठेवली होती, पण त्यामुळे निर्णय एक वर्ष पुढे गेला असता इतकेच.

विंडोजऐवजी लिनक्स या मोफत प्रणालीचा विचारही केला. पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट दोन दिवस चालवून पाहिले आणि त्याच खटाऱ्यावर ते विंडोजपेक्षा सुरेख चालले. परंतु माझे सासरे, ज्यांना घरात सगळेच बाबा म्हणतात, आमच्या सोसायटीचे सचिव आहेत. पंधरा वर्षांची इतिवृत्ते आणि नोटिसा त्यांनी युनिकोडपूर्व काळातल्या, म्हणजे मराठी अक्षरे सगळ्या कॉम्प्युटरवर सारखी दिसू लागण्याआधीच्या, फॉन्टमध्ये टाइप करून ठेवलेल्या आहेत, आणि त्या फॉन्टचे सॉफ्टवेअर विंडोजशिवाय चालत नाही. बाबांना वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी नवी सवय लावण्यापेक्षा नवा कॉम्प्युटर आणणे सोपे, यावर आमचे एकमत झाले.

मी एका पतपेढीत हिशेबाचे काम करते, त्यामुळे खर्चाआधी गरज लिहून काढायची खोड आहे. आठवडाभर एक वही कॉम्प्युटरशेजारी ठेवली आणि ज्याने जे उघडले ते त्याने लिहावे, असा नियम केला. वहीत आले ते असे: बाबांचे टायपिंग, छपाई, गावच्या जमिनीचा डिजिटल सातबारा, पेन्शनच्या खात्याचे पासबुक, माझ्या एक्सेलच्या फायली आणि रेल्वेचे आरक्षण, नववीतल्या मुलाचे प्रकल्प, यूट्यूब आणि पुन्हा यूट्यूब. यातल्या कशालाही दमदार प्रोसेसर लागत नाही. एकाच वेळी ब्राउझरच्या दहा-बारा खिडक्या उघड्या राहतात, त्याला मात्र रॅम लागते. पडदा धरून एकूण ३५,००० रुपयांची मर्यादा घातली. मुलाला गेम खेळायचे आहेत का, हे मी त्याला विचारले नाही, आणि त्यानेही ते वहीत लिहिण्याचा शहाणपणा केला नाही.

लॅपटॉप का नको, असे ऑफिसात प्रत्येकाने विचारले. या किमतीतल्या लॅपटॉपचा पडदा लहान आणि मंद असतो, बाबांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली आहे, आणि मान खाली घालून तासभर टाइप करणे त्यांना जमत नाही. शिवाय आमचा कॉम्प्युटर खोलीबाहेर कधी जातच नाही.

पहिल्या शनिवारी डोंबिवलीहून जलद गाडीने दादर, तिथून पश्चिम रेल्वेने ग्रँट रोड असा प्रवास करून मी लॅमिंग्टन रोडला गेले. रस्त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनचे नाव लोकांच्या तोंडातून काही जात नाही. दुकाने रस्त्यावर आहेत तशी जुन्या इमारतींच्या जिन्यांवर आणि माळ्यांवरही आहेत, आणि फुटपाथवर उभी असलेली मुले ‘क्या चाहिए मॅडम, लॅपटॉप, प्रिंटर, सीसीटीव्ही’ असे विचारत दोन पावले बरोबर चालतात.

तिसऱ्या की चौथ्या दुकानात एक काळा काचेचा कॅबिनेट मांडलेला होता. आतले पंखे जांभळ्या-हिरव्या दिव्यांनी फिरत होते आणि वर कागद चिकटवला होता: आय-५, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, विंडोज ११, एक वर्षाची वॉरंटी, १४,५०० रुपये. क्षणभर मला वाटले की आपले काम झाले. मी विचारले, ‘कितवी जनरेशन?’ दुकानदार म्हणाला, ‘मॅडम, आय-फाइव्ह है, ब्रँड न्यू पीस है, बॉक्स खोल के दिखाता हूँ.’ मी जनरेशन पुन्हा विचारली आणि त्याने पुन्हा बॉक्सच दाखवला. तेव्हा मी मांडलेल्या मशीनच्या कीबोर्डवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबली. टास्क मॅनेजर उघडला, त्यातल्या परफॉर्मन्सच्या पानावर उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत प्रोसेसरचे पूर्ण नाव आले: इंटेल कोअर आय-५-३४७०. तिथेच मेमरीच्या भागात रॅमचा वेग १६०० दाखवला होता, म्हणजे ती डीडीआर-३ या जुन्या जातीची.

३४७० मधला पहिला ३ हा पिढीचा आकडा आहे. म्हणजे हा प्रोसेसर २०१२ साली बाजारात आलेला, मी घरी मोडीत काढून आले होते त्याच पिढीतला, फार तर त्याचा थोरला भाऊ. असे कसे होते, ते मला नंतर दुसऱ्या एका विक्रेत्याने समजावले. कार्यालयांतून भंगारात निघालेल्या मशीनचे प्रोसेसर काढून घेतात, ते बसतील असे मदरबोर्ड (सगळे भाग जोडणारी मुख्य पाटी) आजही नव्याने बनून येतात, त्यावर नवी एसएसडी, नवा कॅबिनेट आणि नवे दिवे लावले की वस्तू ‘नवी’ होते. मदरबोर्ड नवा, डबा नवा, आणि डोके तेरा वर्षांचे. त्या दुकानदाराने तांत्रिकदृष्ट्या खोटे फारसे काही सांगितले नव्हते, आणि हीच त्यातली मेख होती. विंडोज ११ त्यावर चालत होते, हेही खरे. पात्रतेची तपासणी चुकवून ते अशा मशीनवर चढवता येते, पण पुढची मोठी अपडेट त्यावर येतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. म्हणून ‘विंडोज ११ चालते’ हा मशीन नवे असल्याचा पुरावा धरता येत नाही.

त्या दिवसापासून मी आय-३, आय-५ हे शब्द ऐकणेच सोडले आणि फक्त त्यानंतरचा आकडा विचारू लागले. चार आकडी असेल तर पहिला अंक, आणि १२१०० सारखा पाच आकडी असेल तर पहिले दोन अंक म्हणजे पिढी. आठव्या पिढीपासून इंटेलने आय-३ मध्येही चार कोअर (एकाच वेळी काम करणारे भाग) दिले आणि आय-५ मध्ये सहा, त्यामुळे बाराव्या पिढीचा आय-३ हा तिसऱ्या पिढीच्या आय-५ ला सहज मागे टाकतो. आकड्यामागचे अक्षरही वाचावे लागते. ‘एफ’ असेल तर त्या प्रोसेसरमध्ये चित्र दाखवणारा भागच नसतो, वेगळे ग्राफिक्स कार्ड घ्यावे लागते; एका दुकानात हजार रुपये वाचतात म्हणून तो मला आग्रहाने सुचवला जात होता.

खरोखर नवे जोडून घ्यायचे तर काय पडेल, हे त्याच दिवशी एका शांत, वयस्कर विक्रेत्याकडून लिहून घेतले. आय-३-१२१०० प्रोसेसर ९,८००, एच-६१० मदरबोर्ड ६,०००, ८ जीबी रॅम १,९००, ५०० जीबीची एनव्हीएमई (अधिक वेगवान जातीची) एसएसडी ३,१००, कॅबिनेट आणि एसएमपीएस मिळून ३,२००, एकूण २४,०००. यात पडदा नाही, यूपीएस नाही आणि विंडोजही नाही. विंडोज ११ होमचा अस्सल परवाना तेव्हा दहा हजारांच्या आसपास जात होता. ‘वो हम डाल के देते हैं,’ असे तो सहज म्हणाला, आणि बहुतेक घरांत तेच होते. ज्या मशीनवर सोसायटीच्या बँक खात्याचे व्यवहार होणार, त्यावर कोणीतरी कुलूप तोडून आणलेले विंडोज चालवायची माझी तयारी नव्हती. परवाना धरला की हिशेब ३४,००० वर जात होता आणि बाबा कशाकडे बघून टाइप करणार, हा प्रश्न तसाच उरत होता.

मधल्या आठवड्यात लक्ष दुसरीकडे वळले. मोठ्या कंपन्या आपले कॉम्प्युटर तीन-चार-पाच वर्षांनी एकगठ्ठा बदलतात आणि डेलचे ऑप्टिप्लेक्स, एचपीचे एलिटडेस्क, लेनोव्होचे थिंकसेंटर असे कार्यालयीन बनावटीचे संच साफसूफ होऊन बाजारात येतात. त्यांतले सर्वांत लहान मॉडेल जाडजूड शब्दकोशाएवढे असते. हे घेण्यात मला तीन गोष्टी पटल्या. एक तर आठव्या पिढीचे संच विंडोज ११ च्या अटीत बसतात. दुसरे म्हणजे विंडोजचा मूळ परवाना त्या मशीनच्या मदरबोर्डमध्येच नोंदलेला असतो, त्यामुळे विंडोज ११ चढवल्यावर ते आपसूक वैध होते. आणि तिसरी गोष्ट विजेची: आय-५-८५००टी मधला ‘टी’ म्हणजे ३५ वॅटचा संयमी प्रोसेसर, जो लॅपटॉपसारख्या ६५ वॅटच्या ॲडॅप्टरवर चालतो. सेकंड हँड वस्तू घेण्याची भीती मला होतीच. पण चमकदार डब्यातल्या २०१२ च्या प्रोसेसरपेक्षा, ओरखडे असलेला आणि आपले वय न लपवणारा संच मला अधिक प्रामाणिक वाटला.

दुसऱ्या शनिवारी मी पेनड्राइव्हमध्ये क्रिस्टलडिस्कइन्फो हे एसएसडीची तब्येत सांगणारे छोटे सॉफ्टवेअर घेऊन गेले. पहिला संच दिसायला स्वच्छ होता. सुरू करताना एफ-२ दाबले तर बायोसने, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरने, पासवर्ड मागितला. आधीच्या कंपनीने लावलेला हा पासवर्ड विक्रेत्याला माहीत नव्हता, आणि ‘उसकी जरूरत नहीं पड़ती’ हे त्याचे उत्तर होते. गरज पडते; पेनड्राइव्हवरून विंडोज पुन्हा टाकायची वेळ आली की त्या कुलपापाशी सगळे अडते. तो बाजूला ठेवायला सांगितला. दुसऱ्यात एसएसडीची तब्येत ९४ टक्के आली. सगळ्या यूएसबी खाचांत एकेक करून माऊस लावून पाहिला, यूट्यूबवर पंधरा मिनिटे व्हिडिओ चालू ठेवून पंख्याचा आवाज ऐकला, हात लावून डबा किती तापतो ते पाहिले. मागे उभे असलेले गिऱ्हाईक कंटाळून निघून गेले. विक्रेता मात्र कंटाळला नाही, उलट दुसरा स्टूल सरकवून बसला.

आय-५-८५००टी, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एनव्हीएमई एसएसडी: १५,५०० रुपये, बिलासहित. बिलाशिवाय एक हजार कमी होत होते. बिलावर मी मशीनचा सिरियल नंबर, प्रोसेसरचा पूर्ण आकडा आणि ‘एक वर्ष वॉरंटी’ हे तिन्ही लिहून घेतले. वर १,९०० देऊन आणखी ८ जीबी रॅम तिथेच बसवून घेतली. या छोट्या संचांना लॅपटॉपची आखूड रॅम लागते, हे तिथे कळले. कापडी पिशवीत दोन साड्या नेल्यासारखा कॉम्प्युटर घेऊन मी महिलांच्या डब्यातून घरी आले.

पडदा मुद्दाम डोंबिवलीतच नवा घेतला, कारण तो लोकलमधून आणणे अवघड, आणि तीन वर्षांच्या वॉरंटीत बिघडलाच तर जवळचे दुकान बरे. बाबांना बरोबर नेले. एकाच रांगेत तीन पडदे चालू होते आणि मी तिन्हीवर त्यांचीच एक नोटीस उघडली. १९ इंची स्वस्त पडद्यावर जोडाक्षरांच्या रेघा एकमेकांत मिसळत होत्या. ‘द्ध’ आणि ‘ध्द’ यांतला फरक चष्म्यासह ओळखू येत नव्हता. २२ इंची, १९२० बाय १०८० बिंदूंच्या आयपीएस (बाजूनेही स्पष्ट दिसणाऱ्या) पडद्यासमोर बाबा खुर्ची न ओढता उभ्यानेच वाचू लागले आणि तिसऱ्या ओळीत स्वतःची शुद्धलेखनाची चूक सापडल्यावर म्हणाले, ‘हाच घेऊ या.’ ७,२०० रुपये. प्रोसेसरवर वाचलेले पैसे इथे गेले याचे मला अजिबात वाईट वाटले नाही. प्रोसेसर कोणी पाहत नाही, पडद्याकडे रोज चार तास पाहायचे असते.

कीबोर्डची कथा निराळी. देवनागरी अक्षरे छापलेला कीबोर्ड मी कौतुकाने आणून दाखवला. त्यावर अक्षरे इन्स्क्रिप्टच्या, म्हणजे भारतीय भाषांसाठी ठरवलेल्या प्रमाण मांडणीने छापलेली असतात आणि बाबांची बोटे सरकारी टायपिंग परीक्षेच्या काळापासून टंकयंत्राच्या मांडणीवर चालतात. त्यांनी एक ओळ टाइप केली, बोटे बरोबर पडली, पण नजर खाली गेली की छापील अक्षर वेगळेच सांगत होते. ‘सूनबाई, याच्यापेक्षा कोरा बरा,’ असे म्हणून त्यांनी तो मला परत केला. दुकानदाराने तो बदलून टीव्हीएसचा टकटक वाजणारा मेकॅनिकल कीबोर्ड दिला. माऊससह २,९०० झाले, आणि सकाळी सहा वाजता आता घरात टंकलेखनाच्या संस्थेत असल्यासारखा आवाज येतो.

सगळे जोडून पहिल्यांदा सुरू केले तेव्हा कॉम्प्युटर अकरा-बारा सेकंदांत उघडला आणि इंटरनेट मात्र मिळाले नाही. त्या संचात वायफायच नव्हते. कार्यालयांत केबलने नेट येते, त्यामुळे तिथले अनेक संच वायफायविना घेतलेले असतात, आणि मी एसएसडीची तब्येत तपासण्याच्या नादात एवढी साधी गोष्ट पाहायची विसरले होते. राऊटर बाहेरच्या खोलीत आणि कॉम्प्युटर आतल्या खोलीत. यूएसबीचे वायफाय ४५० रुपयांना आणले. मग लक्षात आले की पडद्याला स्पीकर नाहीत, कॅमेरा नाही आणि माइकही नाही. लॅपटॉपमध्ये हे सगळे आयते असते, म्हणून किमतीची तुलना करताना ते धरायला हवे होते. कॅमेरा माइकसह १,१००, स्पीकर ६००.

यूपीएसबद्दल घरात वाद झाला. नवरा म्हणत होता, वीज जाते कितीशी? मी ६०० व्हीएचा यूपीएस २,९०० रुपयांना आणलाच. जुन्या कॉम्प्युटरच्या दुखण्यातही विजेच्या धक्क्यांचा वाटा होता, असे दुरुस्तीवाला म्हणाला होता. या छोट्या संचाचा खप इतका कमी आहे की पडद्यासह त्यावर अर्धा तास सहज निघतो. एकूण खर्च ३२,५५० झाला.

तीन आठवड्यांनी एक विचित्र गोष्ट घडू लागली. सकाळी बँकेचे संकेतस्थळ उघडेना. ‘तुमचे घड्याळ मागे आहे’ असा संदेश येई. दोन दिवस मी बँकेलाच बोल लावत होते. मग उजव्या कोपऱ्यातली तारीख पाहिली तर कॉम्प्युटर काही वर्षे मागे गेलेला. रात्री आम्ही भिंतीवरचे मुख्य बटण बंद करतो, त्या वेळात घड्याळ चालू ठेवणारी मदरबोर्डवरची सीआर-२०३२ ही नाण्याएवढी बॅटरी संपली होती. एक स्क्रू काढून झाकण सरकवले आणि किराणा दुकानातून आणलेली बॅटरी मी स्वतः बसवली. सेकंड हँड मशीन घेतानाच ही बॅटरी बदलून मागायला हवी, हे कोणी मला सांगितले नव्हते.

बाबांचे काम आता चहाच्या आधी सुरू होते. मुलाने मात्र चौथ्या दिवशी डबा उलटासुलटा करून पाहिला आणि शांतपणे विचारले, ‘आई, याच्यात ग्राफिक्स कार्ड बसत नाही ना?’ बसत नाही. तेवढी जागाही नाही आणि ६५ वॅटच्या ॲडॅप्टरमध्ये तेवढी ताकदही नाही. त्याने वही मागून घेतली, माझ्या आठवडाभराच्या नोंदींखाली ‘गेम’ असे मोठ्या अक्षरात लिहिले आणि तारीख टाकून सही केली.